सुनंदाताईंची पन्नाशी

बारा वर्षं झाली, लातुरात जिम चालवतोय. रोज झाडताना काहीतरी मागं राहिलेलं सापडतं. टॉवेल, बाटली, कुणाचा एक मोजा, एकदा तर चक्क दातांची कवळी! न्यायला कुणी येत नाही. किस्स्यांचंही तसंच. लोक टाकून जातात आणि सांभाळत मी बसतो. त्यातले हे सुनंदाताईंचे.

*

सुनंदाताई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. माहेर जळकोटचं. पहिल्या दिवशी मी नेहमीचा फॉर्म पुढं केला. 'कशासाठी जॉइन करताय?' तिथं बहुतेक जण 'वजन कमी करणे' लिहितात. ताईंनी लिहिलं, 'वर्ल्ड चॅम्पियनशिप.'

"कशाची, ताई?"

त्यांनी मोबाईल दाखवला. फिटनेस रेस. एक किलोमीटर पळायचं, मग एक अंगमेहनतीचं काम, की परत पळायचं. असं आठ वेळा! वयाप्रमाणे गट असतात आणि गटात पहिला येईल त्याला परदेशातल्या चॅम्पियनशिपमध्ये जागा मिळते. फक्त पहिल्याला.

"नवरा म्हणतो, ह्या वयात काय करून राहिलीस," ताई म्हणाल्या. "म्हणून तर जायचंय."

मला त्याच दिवशी थकवा आला.

*

रेसमध्ये वजन ठेवलेला लोखंडी स्लेड ढकलावा लागतो. घसरगाडीच ती, बिनचाकाची. लातुरात कुठं मिळेना, म्हणून उस्मानभाईंना सांगितलं. उस्मानभाई वेल्डर, तीन पिढ्या गेट आणि ग्रिलचं काम. आठ दिवसांनी स्लेड घेऊन आले. समोर लोखंडी पट्ट्यांचा मोर, पिसारा फुलवलेला!

"भाई, हे काय?"

"सर, माणूस खाली मुंडी घालून ढकलणार. त्याला समोर काही देखणं नको का?"

वर चाकंही लावून आणली होती. म्हणे, "बिनचाकाची गाडी आमच्या दुकानातून निघाली तर लोक काय म्हणतील?" चाकं काढायला त्यांना राजी करण्यात माझा अजून एक आठवडा गेला. मोराबद्दल मी बोललोच नाही.

*

एका कामात खांद्यावर पिशवी घेऊन लांब ढांगा टाकायच्या आणि दर ढांगेला मागचा गुडघा जमिनीला टेकवायचा. मोकळी जागा पाहिजे म्हणून सकाळी धान्याच्या मोंढ्यात गेलो. ताईंच्या खांद्यावर दहा किलो तूर. साठीचे एक हमाल पन्नास किलोचं पोतं घेऊन शेजारून तीनदा गेले. चौथ्यांदा थांबले. पोतं पाठीवरच.

"बाई, गुडघा कामून टेकून राहिल्या? त्यानंच तर वेळ जाऊन राहिला."

"नियम हाय, मामा."

"कुणाचा?"

"परदेशातल्या लोकांचा."

मामांनी पोतं जरा वर सरकवलं. "त्यायला कधी पोतं उचलाया लागलं नसंल," म्हणाले आणि गेले.

*

पळण्याचा सराव रस्त्यावर. किल्लारीकडून येणारी एक जीप ताईंना बघून रोज थांबायची.

"मॅडम, बसा. जागा हाय."

"मी पळतीय."

"ते दिसतंय की! पण कामून? जीप हाय ना!"

महिनाभरानं ड्रायव्हरनं विचारणं सोडलं. पण आतली माणसं ताईंना हात जोडायला लागली.

*

पहिली रेस पुण्यात. ताईंचा गट पंचेचाळीस ते एकोणपन्नास. चौथ्या आल्या. बोर्डावर बघतो तर पन्नास ते चौपन्नच्या गटात जी पहिली आली, ती ताईंच्या सहा मिनिटं मागं!

मी हळहळलो. "ताई, दोन वर्षं आधी जन्मला असता तर!"

"जन्मलेय की. तीन वर्षं आधी."

"काय?"

"कागदावर अठ्ठेचाळीस, खरी एक्कावन्नची हाय. नऊ वर्षांची झाल्यावर शाळेत घातलं मला. गुरुजी म्हणले, एवढी घोडी पहिलीत कशी लिहू? मग सहाची लिहिली. तारीख एक जून."

आमच्याकडं निम्म्या गावाचा वाढदिवस एक जूनला असतो. माझाही असतो. पण तिथं बाकावर बसून मला रडू यायचं बाकी राहिलं.

"आधी बोलला का नाहीत?"

"फॉर्मवर जन्मतारीख विचारली, ती लिहिली. खरी कुणी विचारलीच न्हाई."

*

तारीख दुरुस्त करू म्हणून जळकोटला त्यांच्या आईकडं गेलो. आजींना साल विचारलं.

"तुरी काढायला आल्या हुत्या. साल कोण बघतंय? मी बाळंत होऊ का साल बघू!"

आणि वर म्हणाल्या, "कागदाला हात लावू नका रं बाबा. पोरगी तीन वर्षं आधी रिटायर व्हईल!"

खरंच की. ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. परतताना अर्ध्या रस्त्यात ताई म्हणाल्या, "सर, दोन वर्षं थांबू. तोवर मी कागदावर पन्नाशीची होते."

त्या वर्षी मी जिम बंद करणार होतो. खरंच कंटाळलो होतो. नाही केली.

*

दोन वर्षं, रोज पहाटे पाच. लोक पन्नाशी लपवतात, आम्ही तिची वाट बघत होतो. एक जूनला उस्मानभाईंनी केक आणला.

मग परत पुणे. ताई अशा पळाल्या की मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. शेवटच्या कामापर्यंत पहिल्या होत्या. नऊ सेकंदांनी दुसऱ्या आल्या. पहिली आली ती आपल्या भोकरची अंगणवाडीताई! दोघी मॅटवर शेजारी शेजारी आडव्या.

"लई चिवट हाव तुम्ही," ती म्हणाली. "वय किती, ताई?"

"कागदावर पन्नास. खरं त्रेपन्न. तुमचं?"

"कागदावर एक्कावन्न."

"आन् खरं?"

ती जरा ओशाळली. "एकोणपन्नास. थोरल्या बहिणीमागं रडत शाळेत जायची. गुरुजींनी दोन वर्षं वाढवून बसवून टाकलं."

मी ताडकन उठलो. तक्रार करायचीच! ताईंनी माझी बाही धरली.

"काय सांगणार, सर? गुरुजींची तक्रार?"

मी बसलो. भोकरची बाई समजूत घालत म्हणाली, "चार वर्षांनी मी वरच्या गटात जाते, ताई. मग हा गट तुमचाच."

"तवर मी कागदावर चौपन्न."

"मंग एक वर्ष मिळतंय की!"

ताईंनी बोटांवर मोजलं. परत एकदा मोजलं. मग उठून बसल्या आणि माझ्याकडं वळल्या.

"सर, परवा पाचला यायचं का साडेपाचला?"