मुक्यानं आणलेला पाला

फाटकाजवळच्या एरंडाचं पान आज सहज चुरगाळलं आणि त्या उग्र वासानं मला पन्नास वर्षांमागच्या शिराळ्याच्या एसटी स्टँडवर नेऊन उभं केलं.

बायकोला कावीळ झाली होती. झाडपाल्याचं औषध देणाऱ्या म्हाताऱ्यानं एरंडाचा पाला देऊन बजावलं होतं, "घर येईस्तवर बोलायचं न्हाई. बोललास की गुण गेला." मी स्टँडवर आलो, तर तिचा भाऊ तिला मिरजेच्या दवाखान्यात घेऊन निघालेला. गाडीच्या खिडकीतून पिवळ्या डोळ्यांनी बघत ती म्हणाली, "आवं, बोला की कायतरी!"

घरी रस काढून पुढच्या गाडीनं नेऊ, म्हणून मी ओठ घट्ट मिटले. मी मिरजेला पोचायच्या आधीच ती गेली.

आता घरात बोलायला कुणी नाही. तेव्हा खिडकीखाली तिला म्हणायचं राहिलेलं आज त्या एरंडालाच मोठ्यानं म्हणालो, "तू हो पुढं. मी आलोच."