मागून आलेली हाक

घोंगडीला कार्तिकातलं ऊन लागलं की तिच्यातून मेंढरांचा वास उठतो. आमच्या दारात मेंढरू उरलं नाही त्याला आता कितीतरी वर्षं झाली. पाटाचं पाणी आलं, ऊस आला, कांदा आला, घरावर स्लॅब पडला. पण आप्पांच्या काळ्या घोंगडीत तो वास मुक्कामालाच राहिला आहे, थोडा उग्र, थोडा दुधाळ, भिजलेल्या लोकरीचा आणि रानातल्या धुराचा. जर्मन भाषेची माझी सगळी वर्षं या वासाशेजारी गेली. अंगणातल्या लिंबाखाली घोंगडीवर आप्पा बसलेले, शेजारी खुर्चीत मी, मांडीवर पुस्तक. बापलेक दोघंही वस्तूंची नावं शिकत होतो. मी नवी शिकत होते, ते गेलेली.

आमची वस्ती शिरूर तालुक्याच्या अगदी कडेला, भीमेच्या अलीकडे आहे. पूल ओलांडला की दौंडची हद्द लागते. मी शिरूरच्या एका खाजगी दवाखान्यात नर्स होते. बरोबरीच्या दोघीतिघींनी जर्मनीला जायचं मनावर घेतलं, तसं मीही घेतलं. तिकडं माणसं म्हातारी होत चालली आहेत आणि त्यांचं करायला हात कमी पडतात, एवढंच मला ठाऊक होतं. ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू अशा पायऱ्या चढायच्या आणि मग विमानात बसायचं. आप्पांना हे सांगितलं तेव्हा ते उसाला पाणी देऊन आले होते आणि मोरीवर पाय धूत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, खांद्यावरच्या पंचानं बोटांच्या बेचक्या नीट पुसल्या आणि म्हणाले, "बघू."

बापाच्या तोंडून निघालेल्या 'बघू'ला आमच्याकडे पाडाच्या आंब्यासारखं आढीत ठेवावं लागतं, चाचपून पाहिलं तर बिघडतं. मी ठेवलं. ए-वनची परीक्षा पार पडली आणि त्याच्या मागोमाग, एका सकाळी, आप्पा कांद्याच्या वाफ्यात बसल्या जागी कलंडले. लकव्यानं त्यांचं उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. बोललेलं त्यांना कळत होतं, पण बोलायला शब्द सापडत नव्हता. 'बघू'च्या पुढे काय होतं, ते आतच राहिलं.

मला रडू आलं नाही. दवाखान्यात असतं तसं सगळं माझ्याकडून होत गेलं. औषधाच्या वेळा, कूस बदलणं, मालिश, सलाईनची बाटली. त्यांच्या उजव्या तळहातावर मी रोज पेनाचं टोक टेकवून पाहायची, लागतंय का म्हणून विचारायची, आणि ते नाही म्हणून मान हलवायचे. बधिर अंग परतायला लागलं की आधी मुंग्या येतात, मग दुखतं, आणि असं दुखणं हे चांगलं लक्षण असतं, हे मी कित्येक पेशंटच्या नातेवाइकांना सांगत आले होते. आप्पांच्या हाताला मुंग्या आल्या नाहीत. मलाही काही होत नव्हतं. दिवाळी आली, ऊस तुटून गेला, कारखान्याच्या मळीचा आंबूस वास वाऱ्यावर आला आणि विरला, आणि हे सारं मी काचेआडून पाहावं तसं पाहत राहिले.

अशा वेळी जर्मन भाषा फार सोयीची वाटली, हे खरं सांगायला हवं. तिच्या पुस्तकांतली माणसं बाजारात जातात, भाड्यानं घर शोधतात, त्यांचं धुण्याचं यंत्र बिघडतं आणि ती दुरुस्ती करणाऱ्याला फोन लावतात. कुणाचा बाप वाफ्यात कलंडत नाही. माझ्याकडून त्या भाषेला फक्त क्रियापद जागच्या जागी हवं होतं, दुसरं काही नाही. ए-टू मी अशीच पार केली, आणि बी-वनसुद्धा.

डॉक्टरांनी आप्पांना चित्रं दाखवून बोलतं करायला सांगितलं होतं. माझ्याकडे ए-वनचे चित्रांचे पत्ते होतेच, तेच कामाला आले. खिडकीचं चित्र धरायचं, आधी मराठीत म्हणायचं, सावकाश, आप्पांच्या ओठांकडे पाहत; त्यांचे ओठ जुळवाजुळव करून थकले की मग माझ्यासाठी म्हणायचं, फेन्स्टर. टेबल, टिश. चमचा, ल्योफेल. आई समोर ओट्यावर बसून कांद्याच्या माना कापत असायची. आप्पांना मराठी यायच्या आधी तिलाच जर्मन यायला लागलं. "आगं, त्यो टिश आत घे, कुत्रं चढतंय," असं ती खुशाल म्हणायची आणि स्वतःच पदरात तोंड घालून हसायची. तेवढंच काय ते हसू त्या दिवसांत घरात होतं.

एकदा पत्त्यांत मेंढी निघाली. गुबगुबीत, पांढरीशुभ्र, हिरव्या कुरणात उभी. शाफ, मी म्हटलं. आप्पांनी डाव्या हातानं तो पत्ता घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि आईकडे पाहून मान अशी काही हलवली की आई म्हणाली, "व्हय, आजारी दिसतीया. आपल्या मेंढरावानी न्हाई." मग त्यांनी पत्ता घोंगडीच्या घडीखाली सरकवला आणि दिवस मावळायला अवकाश असतानाही घशातून ती हाक काढली.

त्या हाकेविषयी सांगायलाच हवं. मी लहान असताना आमचा वाडा चालता होता. वाडा म्हणजे दगडी चौकट आणि चौक नव्हे. आमच्यात वाडा म्हणजे मेंढरांसकट रान बदलत फिरणारी चारपाच बिऱ्हाडं, घोड्यांवर संसार, वर कोंबड्या आणि कोंबड्यांशेजारी मी. मेंढपाळ कळपाच्या पुढे चालत नाही, मागून चालतो, कारण मागे राहणारं कोकरू त्यालाच दिसतं. त्यामुळे मेंढरांशी बोलायचं ते सगळं मागून. आप्पांच्या दोन हाका होत्या. एक घशातून येणारी, लांब, खालच्या पट्टीतली. दिवस कलला की ती निघायची आणि रानभर पांगलेली मेंढरं माना वर करून मुक्कामाच्या दिशेनं वळायची. दुसरी सकाळची, तळ हलवायची. टाळूला जीभ लावून दोनदा टचकारा आणि त्याला जोडून एक आखूड, उंच 'हर्रर्र'. ती आली की कळप मागे वळून पाहत नसे, चालू लागे. माझ्या शाळेपायी वाडा थांबला, मेंढरं विकली, धाकटा भाऊ संतोष तर या घरातच जन्मला; त्यानं यातलं काही ऐकलेलं नाही.

वाचा गेल्यावर आप्पांजवळ उरली ती पहिली हाक. रोज सांजेला, आई दिवा लावायला उठली की ती यायची. संतोष रांजणगावच्या कंपनीतून परतलेला असो वा नसो, मी दवाखान्यातून आलेली असो वा वाटेत, आप्पा उंबऱ्याकडे तोंड करून हाक द्यायचे आणि आम्ही सगळे घरात दिसेपर्यंत देत राहायचे. दुसरी हाक कधीच आली नाही. ती कायमची गेली असं आम्ही धरून चाललो होतो.

बी-टूचा वर्ग पुण्यात होता, रविवारी. दौंडहून सकाळची डेमू धरायची म्हणजे अंधुकात निघावं लागे. निघणाऱ्याला मागून हाक मारू नये, हा आईचा नियम मोडायची वस्तीवर कुणाची छाती नव्हती. एका रविवारी डबा विसरले, तर तिनं हाक मारली नाही. भिजल्या उसातून वळसा घालून, साडीला चिखल माखून ती रस्त्यावर माझ्या पुढे येऊन उभी राहिली आणि समोरून डबा दिला. "मागनं बलावलं आसतं तर गाडी चुकली आसती," म्हणाली. गाडी त्या वळशापायीच चुकली. पुढच्या गाडीत खिडकीशी बसून पाटस, केडगाव, यवत सरताना मी मतं मांडायचा सराव करत राहिले, कारण बी-टूला वस्तूंची नावं पुरत नाहीत, मत लागतं.

परीक्षेत मला विषय आला तो हा: म्हाताऱ्या आईवडिलांजवळ मुलांनी राहावं का? समोर दोन परीक्षक, टेबलावर पाण्याचा ग्लास. मी बोलले. एकीकडे असं आहे, दुसरीकडे तसं आहे. मायेचा आधार आहे, तसा मुलांच्या आयुष्याचाही प्रश्न आहे. माझ्या देशात अशी रीत आहे, पण काळ बदलतो आहे. अडखळले नाही. ज्या गोष्टीवर घरात, माझ्या स्वतःच्या भाषेत, मला एक वाक्य जुळवता आलं नव्हतं, तिच्यावर परक्या भाषेत मी आरामात बोलून गेले आणि शेवटी दोन्ही बाजूंचा तोल साधून आभारही मानले. परीक्षक बाई कौतुकानं मान डोलवत होत्या. बाहेर आल्यावर जिन्यात मी कठड्याला धरून थोडा वेळ उभी राहिले, काहीतरी होईल म्हणून. काही झालं नाही. मग चहा प्यायले आणि गाडी गाठली.

पास झाले. कागदपत्रं झाली. संतोष म्हणाला, "तू जा ताई, आप्पांचं मी आन् आई बघतो." आई म्हणाली, "तुझं तू ठरीव. पर त्यास्नी इचार." मी विचारलं. पाणी हवं का म्हटलं की त्यांची मान हलत असे, जेवण झालं का म्हटलं की हलत असे. आप्पा, मी जाऊ का, या प्रश्नाला ती हलली नाही, उभी नाही की आडवी नाही. मी दुसऱ्या दिवशी विचारलं, पुढच्या आठवड्यातही विचारलं. त्यांनी नाही म्हटलं असतं तर मी राहिले असते, आणि हो म्हटलं असतं तर गेले असते. स्वतःला विचारलं तर आतून काहीच उत्तर येत नव्हतं, म्हणून सगळा भार मी त्यांच्या त्या न हलणाऱ्या मानेवर टाकला होता. तिकीट निघालं तरी ते उत्तर आलं नव्हतं.

निघायच्या सकाळी धुकं होतं. पाटाच्या पाण्यानं वाट चिखल झालेली, म्हणून संतोषनं गाडी लांब डांबरीवर उभी केली आणि बॅगा आधीच नेऊन ठेवल्या. आईनं तळहातावर दही-साखर ठेवली. मी आप्पांच्या पायांवर डोकं ठेवलं, त्यांचा उजवा हात हातात घेतला, सवयीनं तळव्याला नख टेकवलं; त्यांनी नेहमीसारखीच नाही म्हणून मान हलवली. मला एकाच गोष्टीची धास्ती होती. त्यांनी आता ती सांजेची हाक दिली, सगळ्यांना घरात बोलावणारी, तर माझे पाय वळणार होते आणि मग ते पुन्हा निघणार नव्हते. आईलाही तीच धास्ती असावी, कारण ती त्यांच्या खुर्चीच्या पाठीशी उभी राहून त्यांच्या खांद्यावर हात दाबून होती.

मी बांधावरून चालू लागले. उसाला तुरे आले होते. अर्ध्या वाटेत असताना मागून आवाज आला.

टाळूला जीभ लावून दोनदा टचकारा. दुसरा जरा अडखळला. आणि त्याला जोडून, फाटलेला, पण उंच, 'हर्रर्र'.

"आवो! मागनं नगा वो!" आई ओरडली, आणि मग ही कुठली हाक ते तिच्या ध्यानात आलं असावं.

मी थांबले होते. मागे वळले नाही. आवाज पुन्हा आला, या वेळी न अडखळता, जरा दटावल्यासारखा. रेंगाळणाऱ्या कोकरावर आप्पा असाच आवाज चढवत असत. माझे पाय निघाले. चिखलातून, पाटावरच्या फळीवरून, डांबरीपर्यंत.

गाडीत बसल्यावर संतोषनं विचारलं, "आप्पा कसलं आवाज काढीत हुतं गं? काय पायजे हुतं त्यास्नी?"

"चल म्हणाले," मी म्हटलं, आणि छातीत कुठेतरी मुंग्या उठल्या, मग दुखायला लागलं, आणि जे रडू इतकी वर्षं आलं नव्हतं ते आलं. भीमेचा पूल गेला, दौंडचं स्टेशन गेलं, तरी ते थांबेना. संतोष बिचारा घाबरून गाडी हळू चालवत राहिला.

इथं, जिथं मी आता दुसऱ्यांच्या म्हाताऱ्या बापांच्या तळहातांना पेनाचं टोक टेकवते, सकाळी कामाला निघताना थंडीत दार ओढून घेतलं की ती हाक मला आठवते. तिच्यानं कळप पुढे निघायचा हे खरं; पण हाक देणाराही काठी उचलून त्याच्या मागून चालू लागायचा. आप्पा तर खुर्चीत होते. त्यांनी मला एकटीला पुढे लावलं, की तेही मनानं मागून निघाले होते, हे मला अजून कळलेलं नाही. मी चालत राहते, आणि मागे वळून पाहायचं टाळते.