पाण्यात ठेवून उठू नये

दौलतबुवा कधी कोणाला पाण्यात ठेवून उठले नाहीत. हे वाचून ते पट्टीचे पोहणारे असावेत असं वाटेल. तसं नाही. आमच्या वडनेर भोलजीत मारुतीच्या देवळात श्रावणात पोथी लागे, ती बुवा वाचत. पोथीत कोणी डोहात पडलेलं असो, वनात वाट चुकलेलं असो, की कोण्या बाईवर खोटा आळ आलेला असो, बुवा त्या जागी थांबत नसत. समोरच्या बायका जांभया देऊ लागल्या तरी ते त्या माणसाला काठावर आणत, कोरडं नेसवत, दोन घास खाऊ घालत आणि मगच पोथी फडक्यात बांधत. "पाण्यात ठिवून उठू नाई बाप्पा," ते म्हणत. "आपण घरी जाऊन झोपतो, अन् थो रातभर गटांगळ्या खाते."

वाईट जागी अध्याय सोडू नये, हा नियम पोथी वाचणाऱ्यांत जुनाच आहे. बाकीचे तो अपशकुनाच्या भीतीने पाळतात. बुवा त्या माणसाच्या काळजीने पाळत.

ते चौथी शिकलेले. नदीकडे थोडी कोरडवाहू जमीन, तिच्यात कापूस आणि ज्वारी. कापसाची गठुडी वाहून डावा खांदा उतरला होता, त्यामुळे सरळ उभे राहिले तरी कोणाचं तरी ऐकायला वाकल्यासारखे दिसत. चष्म्याची एक काडी तुटलेली, तिथे दोरा. माझ्या नावाने त्यांनी मला कधी हाक मारली नाही. आमच्या घराण्यात बी.ए. झालेला पहिला मी; निकाल घेऊन मलकापूरहून आलो त्या दिवसापासून मी त्यांचा "बीए" झालो. त्यात कौतुक किती आणि चिमटा किती, हे मी शोधत बसलो नाही. पदवी मेहनतीने मिळवली होती, हाक पचवायला हरकत नव्हती.

पुढे नांदुऱ्याला पंचायत समितीत मला नोकरी लागली आणि काही वर्षांनी मी वडनेरच्या घरी टीव्ही आणला. गल्लीतला पहिला, हेही सांगून ठेवतो. काळा-पांढरा, पुढे सरकत्या फळ्यांचं दार असलेला. छपरावर लोखंडी नळीला अँटेना. दर गुरुवारी संध्याकाळी एका हिंदी मालिकेचा भाग लागे आणि आमची ओसरी भरून जाई. बुवा पहिल्यांदा आले तेव्हा चपला बाहेर काढून, टोपी नीट करून, देवळात बसतात तसे मांडी घालून बसले.

त्या दिवशी मालिकेत धाकट्या भावाने थोरल्याला विहिरीत ढकललं. पाण्यावर त्याचे हात दिसत होते, तेवढ्यात गाणं सुरू झालं आणि नावं वर सरकू लागली. लोक चरफडत उठले. आता आठ दिवस जीव टांगणीला, असं म्हणत चपला शोधू लागले. बुवा दारात जाऊन आडवे उभे राहिले.

"कुठी चालले? माणूस विहिरीत आहे ना."

"बुवा, आता पुढच्या गुरुवारी," सुखदेव म्हणाला. सुखदेवचं स्टँडावर चहाचं हॉटेल होतं, आणि मालिकेतलं सगळं आपल्याला आधी कळतं असा त्याचा दावा होता.

"आठ रोज थो विहिरीत काय करीन? बसा खाली."

लोक हसत बसले. बुवांनी तिथल्या तिथे एक गुराखी आणला, दोर सोडला, माणूस वर काढला, त्याला भाकर आणि पिठलं वाढलं आणि गुराख्याच्या घोंगडीवर निजवला. शहरातल्या बंगल्यामागे गुराखी कुठून आला, हे कोणी विचारलं नाही. माझ्या आईने तर सुस्कारा सोडला. मग बुवा दारातून बाजूला झाले आणि म्हणाले, "जा आता."

पुढच्या गुरुवारी मालिका सुरू झाली ती थोरल्याच्या हार घातलेल्या फोटोने. सुखदेवला चेव आला. बुवा, तुमचा माणूस तर मेला, असं तो भर ओसरीत म्हणाला. बुवा जराही वरमले नाहीत.

"म्या त्याले रातच्यापुरता काढला होता," ते म्हणाले. "आठ रोज तुम्ही सुखानं जेवले ना? झालं मंग."

तेव्हापासून तो रिवाजच पडला. भाग संपला की टीव्हीची फळी लावायची आणि बुवांनी सगळ्यांना सुखरूप घरी पोचवायचं. काही म्हाताऱ्या तर टीव्ही चालू असेपर्यंत बाहेर ओट्यावर बसत आणि बुवांच्या वेळेला आत येत. मी एकदा बुवांना समजावलं की असं अर्धवट सोडण्यातच खरी कला असते, त्यानेच माणूस परत येतो. त्यांनी ऐकून घेतलं.

"भुकेल्याच्या म्होरून ताट उचलायचं अन् उद्या ये म्हणायचं," ते म्हणाले. "याले कला म्हणतात काय बीए?"

मी हो म्हणालो.

"मंग तुमचं बरोबर असन."

त्यांच्याशी वाद नेहमी इथेच संपे. ते मान्य करत आणि आपलं तेच करत.

याच काळात माझी धाकटी बहीण वत्सला आमच्याकडे होती. तिला मोताळ्याकडच्या एका गावात दिली होती. दिवाळीला माहेरी आली आणि तिला घ्यायला सासरचं कोणी आलंच नाही. आमच्याकडे रीत अशी, की सासरच्यांनी न्यायला यावं. मुलीला आपण होऊन पोचवायला जाणं म्हणजे बापाने पगडी उतरवणं. दादा, म्हणजे आमचे वडील, बाजाराच्या दिवशी मोताळ्याच्या कोणाबरोबर निरोप पाठवत. उत्तर येई: कापूस निघू द्या, मग पाहू. कापूस निघाला. मग संक्रांत होऊ द्या. मग आखजी. आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला आखजी म्हणतात, लेकीबाळींचा सण, तीही गेली. मग पेरण्या. दर सणाला आई वत्सलेची पेटी झटकून ठेवी आणि सण उलटला की पेटी पुन्हा माळ्यावर जाई. वत्सला मॅट्रिक होती. मालिका ती स्वयंपाकघराच्या दारातून, उभ्यानेच पाही. पुढे येऊन बसली की लोक टीव्ही सोडून तिच्याकडे बघत.

आणि मग ती मालिकाच थांबली. शेवटच्या भागात सासरच्यांनी हाकललेली सून लहान पोराला कडेवर घेऊन बस स्टँडवर उभी होती, पायाशी पेटी. एका गाडीचे दिवे तिच्या तोंडावर पडले आणि नावं सुरू झाली. बुवांनी त्या संध्याकाळी तिला गाडीत खिडकीपाशी बसवली, पोराला शेंगदाणे घेऊन दिले आणि आम्हाला सोडलं. पुढच्या गुरुवारी मालिकेच्या वेळेला कोणाचं तरी नृत्य लागलं. त्याच्या पुढच्या गुरुवारी निवेदिका म्हणाली, अपरिहार्य कारणामुळे मालिका काही काळ दाखवता येणार नाही, त्याबद्दल खेद आहे.

"खेद आहे त बाईले घरी पोचव," बुवा तिच्याकडे पाहून म्हणाले.

काही काळ म्हणजे किती, ते कोणी सांगेना. सुखदेव म्हणे, नटीने लग्न केलं. दुसऱ्या गुरुवारी म्हणे, काढणाऱ्याचं दिवाळं निघालं. मी सरकारी माणूस, तेव्हा मी दिल्लीला फोन लावावा, असा गल्लीचा आग्रह होता. आमच्या कचेरीतून बुलढाण्याला फोन लागताना मारामार, दिल्लीचं काय घेऊन बसलात. तरी लोक दर गुरुवारी येत, समोर जे लागेल ते पाहत, टीव्हीवाल्यांच्या सात पिढ्या काढत आणि शेवटी बुवांकडे बघत. बुवा त्या बाईला पुन्हा गाडीत बसवत. पण आता त्यांच्या आवाजात पहिला जोर राहिला नव्हता.

अशाच एका गुरुवारी त्यांनी बाईला खिडकीपाशी बसवली, कंडक्टरने घंटी मारली, आणि स्वयंपाकघराच्या दारातून वत्सला बोलली. इतक्या महिन्यांत ती ओसरीत पहिल्यांदाच बोलत होती.

"गाडीत बसली, पण उतरावं कुठी तिनं, बुवा?"

बुवा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी टोपी उचलली आणि काही न सांगता निघून गेले. पहिल्यांदाच कोणीतरी अर्ध्या वाटेवर राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते धुतलेलं धोतर नेसून आले आणि दादांच्या समोर बसले. त्यांनी विचारलं की पोर किती दिवस उभी ठेवणार. दादा म्हणाले, रीतीप्रमाणे त्यांनी यायला पाहिजे.

"लक्ष्मणा, ते घ्यायले येत नाईत अन् तू पोचवायले जात नाई. मंग ही पोथी बांधायची कोणं?"

बुवांनी वत्सलेला हाक मारली आणि तिला काय पाहिजे ते विचारलं. आमच्या घरात तोवर हे तिला कोणी विचारलं नव्हतं, मी धरून.

"मले उत्तर पाह्यजे," ती म्हणाली.

आम्ही तिघे गेलो: बुवा, वत्सला आणि मी. दादा आले नाहीत. सासरच्यांनी सतरंजी टाकली, पाणी दिलं, चहा आला. सासरा पाऊसपाण्यावर बोलला, कापसाच्या भावावर बोलला आणि वत्सलेच्या विषयावर म्हणाला की पाहू, पोळा होऊन जाऊ द्या. जावई खांबाला टेकून जमिनीकडे पाहत उभा होता. बुवांनी कपबशीला हात लावला नव्हता. चहा गार होतोय, असं सासऱ्याने दोनदा म्हटलं.

"होऊ द्या गार," बुवा म्हणाले. "जवाईबापू, पोळ्याचं बाजूले ठिवा. नांदवता का नाई? हाव म्हणा, नाई म्हणा. म्या इथून उठणार नाई."

सासऱ्याने पानाचा डबा पुढे सरकवला, बुवांनी तो मागे सारला. शेवटी जावई म्हणाला, "नाई." मग सासू आतून म्हणाली की दुसरी मुलगी बघून झाली आहे, सांगायला तोंड होत नव्हतं एवढंच.

मी उठलो होतो, मला हात उगारायचा होता. धोतराचा सोगा ओढावा तसं बुवांनी मला ओढून खाली बसवलं. वत्सलेला विचारलं, ऐकलं का. तिने मान हलवली. तिची भांडी आणि कपडे बाहेर आणायला सांगितले. मग कपबशी उचलून तो गार चहा त्यांनी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. बाहेर आल्यावर मी चिडून विचारलं की अशा लोकांचा चहा घशाखाली उतरला कसा. ते म्हणाले, "उत्तर देल्लं त्यायनं. चहानं काय केलं?"

मोताळ्याच्या स्टँडवर वत्सला भांड्यांच्या पोत्यावर बसून रडली. बुवांनी तिला गप्प केलं नाही. नांदुऱ्याची गाडी आली तेव्हा त्यांनी पोतं वर चढवलं, तिला खिडकीपाशी बसवली आणि पुढच्या सीटवरून मागे वळून म्हणाले, "बसली ना? आता उतरायची जागा पाहू."

दादा दिवाळीपर्यंत बुवांशी बोलले नाहीत. बुवांनी संसार तोडला, असं त्यांचं म्हणणं. ते बुवांच्या कानावर गेलं तेव्हा ते म्हणाले, "तुटेलच होतं. म्या फकत सांगून आलो." शेवट गोड झाला नव्हता, हे खरंच. पण वत्सलेची पेटी पुन्हा माळ्यावर चढली नाही. ती खामगावला डी.एड.ला गेली, फी मी भरली आणि ते मी मोठ्या तोंडाने सांगतो. मग तिला मेहकर तालुक्यात जानेफळला शाळेत नोकरी लागली. तिथे तिने खोली घेतली, दारावर पाटी लावली, स्वतःच्या नावाची.

काही वर्षांनी बुवा गेले ते हिवाळ्यात, भर दुपारी, ओट्यावर उन्हात बसल्या बसल्या. पोथीची समाप्ती श्रावणातच झाली होती. मागे वनात कोणी नव्हतं, पाण्यात कोणी नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात ती मालिका परत सुरू झाली. का थांबली होती ते शेवटपर्यंत कळलं नाही. तोवर गल्लीत आणखी टीव्ही आले होते, तरी लोक सवयीने आमच्याच ओसरीत जमले. वत्सला सुट्टीत आली होती, ती पुढे खुर्चीवर बसली. पडद्यावर तोच स्टँड, तीच पेटी, तेच लुगडं. फक्त कडेवरचं पोर आता आईच्या खांद्याला लागत होतं.

"काऊन बे, पोट्टं एवढं झालं अन् माय अजून स्टँडावरच?" सुखदेव म्हणाला. ओसरी हसून लोळली.

वत्सला हसली नाही. "तिले कोणी बुवा नाई भेटला," ती म्हणाली.

भाग संपला तेव्हा त्या बाईचा एक पाय गाडीच्या पायरीवर होता. गाणं लागलं, नावं सरकू लागली. लोक चरफडत उठले आणि सवयीने दाराकडे पाहू लागले. दारात वत्सला उभी होती.

"बसा," ती म्हणाली.

सगळे बसले, सुखदेवसुद्धा. तिने बाईला गाडीत चढवलं, पोराला खिडकी दिली, कंडक्टरला जवळ बोलावलं आणि जानेफळची दोन तिकिटं काढली.