खिळ्यावर टांगलेलं पार्सल

खरं तर आमच्या कारखान्याचं टपाल आणि पार्सलं बघणाऱ्या टपालबाईंविषयी लिहावं इतकं मला त्यांच्याबद्दल ठाऊकच नाही. एका छपराखाली आम्ही बरीच वर्षं काढली, पण त्या पुढच्या खोलीत टेबलाशी आणि मी मागे लाकडाच्या भुशात. त्यांचं लग्न झालं होतं की नाही, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. घरी आई होती आणि ती ठार बहिरी होती, एवढं पक्कं. आईशी बोलून बोलून बाईंना हळू आवाजात बोलणं जमतच नसे. त्यांचा फोन चालू असला की मागे मला करवतीचा आवाज ऐकू यायचा नाही. दुसरा कोणी लिहिणारा तिथे असता तर मी या भानगडीत पडलो नसतो.

आमचा कारखाना म्हणजे तीन खोल्या. ज्यांचे पाय दुकानातल्या बुटांत मावत नाहीत, त्यांच्यासाठी आम्ही बूट करतो. कोणाचा एक पाय आखूड, कोणाची बोटं एकमेकांवर चढलेली. प्रत्येकाच्या पायाचे लाकडी साचे मी कोरतो, टाचेवर नाव आणि फोन नंबर लिहितो आणि जोडीजोडीने मांडणीवर टांगून ठेवतो.

दाराशेजारी एक मोठा खिळा आहे. हातून बूट बिघडला की ज्याने बिघडवला त्यानेच तो त्या खिळ्याला टांगायचा, ही इथली जुनी रीत. येताजाता सगळ्यांनी बघायचं, म्हणजे तीच चूक दुसऱ्याच्या हातून होत नाही. टांगणाऱ्याला मात्र कोणी बोल लावायचा नाही. माझं बरंच काही तिथे लटकून गेलं आहे. बाईंचं कधीच नाही. "आम्ही टपालवाले, आम्ही काय टांगणार? सुतळी?" असं त्या म्हणायच्या.

बाईंची शिस्त एकच होती. चिठ्ठी आधी, खोकं नंतर. पार्सलची चिठ्ठी हातात आल्याशिवाय त्या खोक्याला आत पाऊल टाकू द्यायच्या नाहीत. त्या दिवशी आम्ही कातड्याच्या पार्सलची वाट बघत होतो. तेवढ्यात बाईंना ई-मेल आलं. पत्ता अपुरा असल्यामुळे पार्सल अडकलं आहे, सोबत जोडलेली चिठ्ठी उघडून छापून ठेवा. बाईंनी चिठ्ठी उघडली आणि छापली. शिस्त नसलेला माणूस ते पत्र तसंच सोडून चहा प्यायला गेला असता. कागदावर नुसते चौकोन आणि तिरक्या रेघा उमटल्या. जेवायच्या सुट्टीनंतर खरं पार्सल दारात हजर. पत्ता पूर्ण, चिठ्ठी वर चिकटवलेली.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर सुरूच होईना. दुरुस्त करणारा आला तेव्हा उलगडा झाला. त्या चिठ्ठीच्या पोटात चोर होता. त्याने आमच्या गिऱ्हाइकांचे पत्ते उचलले होते. आता तसंच पत्र त्या सगळ्यांना जाऊ लागलं होतं, आमच्या कारखान्याच्या नावाने. तुमचे बूट पाठवले आहेत, चिठ्ठी उघडा. उघडलं की त्यांच्या बँकेपर्यंत चोराला वाट मोकळी. आमची गिऱ्हाइकं बहुतेक म्हातारी, आणि बुटांसाठी डोळे लावून बसलेली. न उघडून करतील काय?

मालकांचे गुडघे गेल्यापासून कारभार त्यांचा भाचा बघत होता. मुलगा वाईट नव्हता, फक्त घाबरट होता. मीही घाबरटच, त्यामुळे मला ते ओळखता येतं.

"कोणाला काही सांगायचं नाही," तो म्हणाला. "विचारलंच तर वीज गेली होती म्हणा."

"वीज गेली की पत्रं सुटतात का रे?" बाईंनी विचारलं.

"मावशी, झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ झाकली तर फोन कशाने धरू?"

भाच्याने आवाज चढवला. एकाही गिऱ्हाइकाला फोन केलात तर या टेबलावर पुन्हा बसायचं नाही, हे त्याने सगळ्यांच्या देखत सांगितलं. बाई उठल्या. तो रेघारेघांचा कागद त्यांनी खिळ्यावर खुपसला, स्वतःचा फोन पिशवीतून काढला आणि मागे माझ्याकडे आल्या.

"काका, कॉम्प्युटर मेला. नंबर तुमच्या लाकडांवर आहेत ना?"

मी शिडी लावली. मला कोणासमोर बोलायला जमत नाही, पण शिडीवर चढता येतं. मी साचे उतरवून देत गेलो, त्या टाच उजेडाकडे धरून नंबर वाचत गेल्या.

"बुटांच्या कारखान्यातून बोलतेय. आमच्या नावाने पार्सलचं पत्र येईल, ते उघडू नका. कशावरून म्हणजे? मी उघडलं म्हणून. हो, मीच. नाही हो, शिकलेली आहे, तरी उघडलं."

भाचा दारात येऊन म्हणाला, "निदान हळू तरी बोला."

"ते माझ्या आईला सांग," बाई म्हणाल्या आणि पुढचा नंबर फिरवला.

एका निवृत्त शिक्षकांचं बोट त्या चिठ्ठीवर ठेवलेलंच होतं, ते तिथेच थांबलं. एका बाईंनी मात्र सकाळीच उघडलं होतं. त्या फोनवर वाटेल ते बोलल्या. टपालबाईंनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. मग म्हणाल्या, "आधी बँकेत जा. मला शिव्या संध्याकाळी द्या, मी फोन उचलेन." काही गिऱ्हाइकं नंतर खरंच तुटली. भाच्याचं तेवढं म्हणणं खोटं नव्हतं.

त्याने खिळ्यावरचा कागद काढून फाडला. बाईंनी तुकडे चिकटपट्टीने जोडले आणि पुन्हा टांगले. "बूट असता तर फाडला असतास का?" त्यांनी विचारलं. "उद्या येऊ नका," एवढंच तो म्हणाला.

पण मांडणीवरच्या अर्ध्याच साच्यांचे फोन झाले होते. त्या दुसऱ्या दिवशी आल्या. टेबलाकडे ढुंकूनही न बघता सरळ माझ्या खोलीत आल्या आणि भुशातच स्टुलावर बसल्या. मी दार आतून लावून घेतलं. असलं काही मी जन्मात केलं नव्हतं. भाच्याने दोनदा ठोठावलं. मी करवत चालू ठेवली.

दिवस कलताना शेवटची जोडी त्यांनी माझ्या हातात दिली आणि साडीवरचा भुसा झटकला. पुढच्या खोलीतून आपला चहाचा कप तेवढा उचलला. मालकांना भेटा, मी सोबत येतो, असं म्हणायचं माझ्या ओठांवर होतं. त्यांनी खिळ्याकडे एकवार बघितलं. कागद अजून होता. आजही आहे, भाच्याने पुन्हा त्याला हात लावलेला नाही.

दारात त्या वळल्या. "काका, मागच्या खिडकीची कडी नीट बसत नाही. कुलूप लावायच्या आधी बघत जा."

"बघतो," मी म्हणालो.