वजीरच्या तोंडची पुरणपोळी

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण आजही आठवली की मला खुर्चीत बसवत नाही, अशी केस एका बैलाची आहे. हसू नका! सांगली जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. बेंदूर, म्हणजे आमच्याकडचा बैलांचा सण, तोंडावर आलेला, त्याच्यापाठोपाठ शर्यतीचं मोठं मैदान, आणि नेमका तेव्हाच पंचक्रोशीत गाजलेला शर्यतीचा बैल वजीर गोठ्यातून गायब झाला.

मालक म्हणजे गावचे आबा. त्यांच्या शब्दाला असं वजन की ते ठाण्यात शिरले की माझा हवालदार आपोआप उभा राहायचा. त्यांनी फिर्याद दिली आणि संशयित म्हणून नाव सांगितलं ते बैलांच्या खुरांना पत्र्या मारणाऱ्याचं. हा गडी तरुणपणी जनावरं चोरताना सापडून शिक्षा भोगून आलेला. सुटल्यावर हा धंदा धरला आणि इमानानं पोट भरत होता. आबांनी भर चौकात त्याचं नाव घेतलं आणि सगळ्या गावाची दारं त्याला बंद झाली.

पाठोपाठ फोनवर खबर आली, की चोरीच्या आदल्या दिवशी तो आबांच्या गोठ्यात होता. मी त्याला चौकशीला बोलावलं.

"गोठ्यात कशाला गेला होतास?"

"पत्र्या माराय."

"मारल्यास?"

"न्हाई."

"का?"

दम दिला, चहा पाजला, परत दम दिला. पठ्ठ्या हलेना. शेवटी म्हणाला, "साहेब, चोरी केलीया मी, न्हाई म्हनत न्हाई. पर ती तवा. वजीर मी न्हेला न्हाई. माज्यावर केस करू नगा. जलमभर कुनी आपल्या बैलाचा पाय माज्या हातात देनार न्हाई."

त्याच्या घराची झडती घेतली, काही मिळालं नाही. इकडे वरून फोनावर फोन: आबांचं काम आहे, उरकून टाका. मी उरकलं नाही. कारण उठताना त्यानं विचारलं होतं, "वजीर खातपीत असंल का वो?"

बेंदराच्या सकाळी पुरवणी जबाब घ्यायला आबांच्या घरी गेलो. आबा घरात नव्हते. दावणीला नुसत्या म्हशी. आणि आत पुरण शिजत होतं! आमच्याकडे बेंदराची पोळी आधी बैलाच्या तोंडाला लागते, मग घरच्यांच्या. ज्या घरचा बैल चोरीला गेलाय, तिथं त्या दिवशी पोळपाटाला हात लावायचं कुणाला सुचत नाही. पायरीवर शिंगं रंगवायच्या हिंगुळाचे ओले लाल ठिपके. हवालदार कानाशी लागला, "साहेब, बैल न्हाई, मग ह्यो हिंगूळ कुनासाठी कालवला?"

जबाब राहू दे म्हणालो, जीप गावाबाहेर लावली आणि आबांच्या घरामागच्या ओढ्यात दबा धरून बसलो. थोड्याच वेळात आबांच्या पत्नी डोक्यावर फडक्यानं झाकलेली पाटी घेऊन उसाच्या बांधानं निघाल्या. आम्ही मागोमाग. चिखलात माझा बूट रुतला, तो काढायलाही थांबलो नाही. उसापलीकडं डोंगराच्या कडेला एक सपार, म्हणजे पाल्यानं शाकारलेलं खोपटं होतं, आणि सपारात वजीर! शिंगं लालभडक, मागचा एक पाय अधांतरी धरलेला. शेजारी आबा, हात हिंगुळानं माखलेले. रंगेहाथ पकडणं म्हणतात ते मी त्या दिवशी खरोखर पाहिलं.

आबा पहिलं वाक्य काय बोलले? "साहेब, सणाला बैल उपाशी ठिवू काय?"

मग सगळं बाहेर आलं. सरावात वजीरचा पाय दुखावला होता. "मैदान आपलंच, म्हनून सगळ्यांम्होरं सांगून बसलो हुतो. लंगडतोय म्हनलो असतो तर लोक हसली असती. चोरीला ग्येला म्हनलं की पत ऱ्हाती."

"आणि पत्रीवाल्याचं नाव कशाला घेतलंत?"

आबांनी मान खाली घातली. "पायाचं त्या एकट्याला ठावं हुतं. चोर ठरला की त्याचं कोन ऐकतंय?"

असा संताप आला मला! तिथंच पंच बोलावून पंचनामा केला आणि खोट्या फिर्यादीची कारवाई सुरू केली. वरून पुन्हा फोन आला, तेव्हा म्हणालो, "बैल सापडला साहेब, आबांसकट."

पत्रीवाल्याला मी झापलंच. "अरे, बैल लंगडतोय एवढं बोलला असतास तर तेव्हाच सुटला असतास!"

"आबा म्हनलं हुतं, कुटं बोलू नगं. मी व्हय म्हनलो हुतो, साहेब."

जो त्याला तुरुंगात धाडायला निघाला होता, त्याला दिलेला शब्द हा पाळत बसला होता. माणूस ओळखायला आम्ही पोलीस रेकॉर्ड बघतो आणि गाव काय म्हणतं ते ऐकतो. ह्या केसमध्ये दोन्हीकडून उलटंच कळलं होतं. पुढं नोकरीभर रेकॉर्ड वाचलं, पण मत बनवलं ते माणूस समोर बसवूनच.

संध्याकाळी सजवलेले बैल चौकात आले, तेव्हा पत्रीवाल्याच्याच मागणीवरून आबा तिथं उभे राहिले. "वजीर मीच लपिवला. ह्यानं चोरला न्हाई." पत्रीवाला मागं भिंतीला टेकून उभा होता. तेवढ्यात बैलाचा कासरा धरलेल्या एका शेतकऱ्यानं त्याला हाक मारली.

"आरं गड्या, माज्या बैलाच्या पत्र्या झिजल्यात. सकाळी येतूस न्हवं?"

त्यानं टॉवेलानं तोंड पुसलं आणि म्हणाला, "येतू की."