आईला पुन्हा ऐकू येऊ लागलं तेव्हा

बनशंकरीतलं आमचं घर आईमुळे सतत बोलतं असायचं. तिचं मराठी इथल्या जुन्या घरांतलं, कन्नडमध्ये मुरलेलं. "स्वल्प थांब गं," असं एकीला म्हणत ती दुसरीशी बोलत असायची. थंडीत अवरेकाळूच्या शेंगा सोलायला ती आणि शेजारच्या काकू मागच्या दारात बसल्या, की आत अभ्यासाला बसलेल्या मला गल्लीतल्या सगळ्या बातम्या कळायच्या.

लग्नानंतर मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, सर्जापूर रोडला राहायला आले. पुढे बाबा गेले, काकू मुलाकडे म्हैसूरला गेल्या आणि आई हळूहळू गप्प होत गेली. विचारावं एक, तर उत्तर दुसरंच यायचं. काल फोनवर सांगितलेलं आज तिच्या गावीही नसायचं. भजनी मंडळात जाणंही तिने सोडलं. तिच्या थोरल्या बहिणीला, माझ्या मावशीला, अल्झायमर झाला होता. शेवटी शेवटी मावशी आईलाच "तुम्ही कोणाकडच्या?" असं विचारायची. ते आठवून मी आतून धास्तावले होते, पण आईसमोर विषय काढायचं धाडस होत नव्हतं.

शेवटी बीपी तपासायचं निमित्त काढून तिला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर बाई होत्या. त्यांनी वार, महिना, घराचा पत्ता असं काहीबाही विचारलं. आई अडखळत, माझ्याकडे बघत राहिली. मग बाईंनी तोंडावरचा मास्क काढला, खुर्ची पुढे ओढली आणि तेच प्रश्न मोठ्याने, सावकाश विचारले. आईने जवळजवळ सगळी उत्तरं बरोबर दिली.

"यांचे कान कधी तपासलेत?" त्यांनी मला विचारलं.

तपासणीत दोन्ही कान बरेच कमजोर निघाले. बाईंनी समजावून सांगितलं, की जे नीट ऐकूच आलं नाही ते लक्षात राहणार कसं? ऐकू येईनासं झालं की माणूस चारचौघांत बसणं टाळतो, मेंदूला पुरेसं काम मिळत नाही आणि पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो. कानाला यंत्र लावा, बीपीची गोळी चुकवू नका, रोज चाला, माणसांत मिसळा, असं त्या म्हणाल्या. अल्झायमर होणारच नाही अशी खात्री कुणी देणार नाही, पण धोका कमी करता येतो, हेही सांगितलं.

परतताना रिक्षात आई म्हणाली, "माझं अक्कासारखं होतंय असं वाटायचं मला. तुला कळू नये म्हणून गप्प बसायचे."

मी तिचा हात हातात घेतला. मलाही तेच वाटत होतं, हे तिला त्या दिवशी सांगितलं.

यंत्राशी तिचं लवकर जमलं नाही. भांडी डोक्यातच आपटल्यासारखी वाटतात म्हणून ती ते काढून ठेवायची. मग मी सुट्टीच्या दिवशी जाऊन तिला ते लावायला लावायचे आणि नुसती बोलत बसायचे. एकदा म्हैसूरच्या काकूंना फोन लावून दिला. दोघी कन्नडमध्ये इतक्या रमल्या, की गॅसवरचं दूध उतू गेलं. तेव्हापासून सकाळी डोळ्यांवर चष्मा आणि कानांत यंत्र, हे ठरूनच गेलं. ती पुन्हा भजनाला जाऊ लागली, येता-जाता तेवढंच चालणंही होऊ लागलं.

पुढची काही वर्षं आम्ही दोघी खूप बोललो. तिची कन्नड शाळा, लालबागेतलं फुलांचं प्रदर्शन, बाबांनी तिला पहिल्यांदा मसाला डोसा खाऊ घातला तो दिवस, हे सगळं तिने मला तेव्हाच सांगितलं. गेल्या वर्षी ती हृदयविकाराने गेली. आदल्या संध्याकाळी तिने फोनवर माझ्या मुलीला तिला अवघड जाणाऱ्या विषयाचा पेपर कसा गेला ते विचारलं, आणि विषयाचं नाव तिने अगदी बरोबर घेतलं.