न ऐकलेला विनोद

त्या सकाळी कुकर लावून मी भांडी घासत होते. मागे आमचे हे कॉमिक वाचत एकटेच हसत होते.

"अगं, हे ऐक ना."

"काम करून राहिले ना मी! नंतर सांगा."

दुपारी त्यांना झटका आला आणि ते गेले.

मंडळी, गेल्या आठवड्यात मी काढून इथे आपल्या ग्रुपवर टाकलेली चित्रकथा त्याच सकाळची. तिच्यात मी हात पुसून त्यांच्याजवळ बसते, विनोद ऐकते आणि दोघं पोट धरून हसतो. तुम्ही किती कौतुक केलंत! मीही ते मुकाट्यानं घेतलं.

काल अधारतालला राहणारी नात आली. तीही आजोबांसारखीच कॉमिक्सची वेडी.

"आजी, पण जोक काय होता? बताओ ना!"

"विसरले गं."

"इतकं हसलीस आणि भूल गई?"

मला तिच्याकडे बघवेना. मेलेल्या माणसाच्या नावावर मी स्वतःला चांगली बायको करून घेतलं होतं.

आज सकाळी नातीला फोन करून खरं सांगितलं. मग शेवटचा चौकोन खोडून पुन्हा काढला. त्यात मी नळाकडे तोंड करून उभी आहे, आणि मागे ते हातात कॉमिक उघडं धरून थांबलेत.